क्वाड बाइक गावच्या रस्त्यावर चालवायची, तर कायदा काय मागतो?

प्रश्न थोडक्यात असा: "घरापासून शेत दीड-दोन किलोमीटरवर आहे, मधे गावचा डांबरी रस्ता. सहा एकरांत फिरायला, खताची पोती न्यायला २०० सीसीची क्वाड बाइक (एटीव्ही) घ्यायचा विचार आहे. विक्रेता म्हणतो, 'शेतीच्या कामाची गाडी, पासिंग लागत नाही. हवं तर दिवे, हॉर्न, इंडिकेटर बसवून देतो.' माझ्याकडे मोटारसायकलचं लायसन्स आहे. पंधरा वर्षांचा मुलगाही चालवेल. नंबर प्लेट, विमा, लायसन्स, हेल्मेट यांतलं नेमकं काय काय लागतं?"

उत्तर आधी देतो, कारणं मागाहून. विक्रेता सांगतोय तसली क्वाड त्या रस्त्यावर दोन किलोमीटर काय, दोन मीटरही कायद्याने चालवता येत नाही. दिवे बसवून, अर्ज करून किंवा आरटीओतल्या साहेबांना भेटून ती रस्त्यावर आणायची सोयही नाही. रस्त्यावर चालू शकेल अशी क्वाड भारतात असू शकते, पण ती तशी मान्यता घेऊनच कारखान्यातून बाहेर पडावी लागते. गाडी घेतल्यावर मालकाने करायचं हे काम नव्हे. मोटार अपघाताचे दावे आणि आरटीओची कामं करणारा वकील म्हणून माझ्याकडे ही प्रकरणं येतात ती बहुतेक गाडी घेऊन झाल्यावर. तुम्ही आधी विचारलंत, त्यामुळे सविस्तर लिहितो.

"पासिंग लागत नाही" या वाक्यापासून सुरुवात करू, कारण सगळी गडबड तिथेच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(२८) मध्ये मोटार वाहनाची व्याख्या आहे: रस्त्यावर वापरण्याजोगं केलेलं, यंत्रशक्तीने चालणारं कोणतंही वाहन. त्यातून वगळलंय काय, तर रुळांवर चालणारी वाहनं. फक्त कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठीच बनवलेली खास प्रकारची वाहनं. आणि चारपेक्षा कमी चाकं व २५ सीसीपर्यंतचं इंजिन असलेली वाहनं. शेवटची सवलत नीट वाचा. चाकं चारपेक्षा कमी हवीत. म्हणजे मुलांसाठी म्हणून विकली जाणारी चिमुकली क्वाडसुद्धा त्यात बसत नाही, इंजिन कितीही लहान असो. बॅटरीवरच्या क्वाडचंही तेच. ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या, पाव किलोवॉटहून कमी ताकदीच्या ई-वाहनांना जी सूट आहे ती दुचाकींपुरती आहे.

यावर विक्रेत्याचा पुढचा डाव ठरलेला असतो: "ही ऑफ-रोड गाडी आहे, रस्त्यासाठी बनवलेलीच नाही, मग मोटार वाहन कशी?" ऐकायला तर्क बरा वाटतो. पण खाणींतल्या डंपरवाल्यांनी हाच मुद्दा फार पूर्वी सर्वोच्च न्यायालयात लढवून पाहिला आहे. १९९२ च्या सेंट्रल कोलफील्ड्स विरुद्ध ओरिसा या निकालात न्यायालयाने डंपरच्या चाकांकडे बोट दाखवलं. रणगाड्यासारखे साखळीपट्टे नाहीत, रबरी टायर आहेत, म्हणजेच वाहन रस्त्यावर चालण्याजोगं आहे. २००१ मध्ये बोस अब्राहम विरुद्ध केरळ या प्रकरणात एक्स्कॅव्हेटर आणि रोड रोलरही मोटार वाहनच ठरले. डंपर सुटला नाही, तिथे हवेचे चार रबरी टायर असलेली क्वाड सुटेल असा सल्ला मी कुणालाच देणार नाही.

एकदा मोटार वाहन म्हटलं की कलम ३९ लागलंच. नोंदणीशिवाय वाहन चालवायचं नाही, आणि मालकाने चालवूही द्यायचं नाही. कलमाची भाषा "सार्वजनिक ठिकाणी किंवा अन्य कोणत्याही ठिकाणी" अशी आहे. "शेतीची गाडी" हा युक्तिवाद इथे टिकत नाही. तुमच्या शेजाऱ्याचा ट्रॅक्टर शेतीचाच आहे ना? त्याला नंबर आहे, आरसी आहे.

मग नोंदणी करून टाकू, असं कुणीही म्हणेल. इथे घोडं अडतं. नव्या गाडीच्या नोंदणीला अर्ज म्हणजे फॉर्म २०, विक्रेत्याचं विक्री प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१, विमा, पत्त्याचा पुरावा हे सगळं लागतं. त्यात एक कागद असा असतो जो तुम्ही मिळवू शकत नाही: फॉर्म २२. ही गाडी प्रदूषणाच्या, सुरक्षेच्या आणि रस्त्यावर चालण्याच्या कसोट्यांना उतरते, असं उत्पादकाने सहीनिशी दिलेलं ते प्रमाणपत्र. उत्पादक ते देऊ शकतो कधी? केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ खाली त्या मॉडेलचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घेतला असेल तेव्हा. पुण्यातली एआरएआय आणि सीआयआरटी, अहिल्यानगरची व्हीआरडीई, मानेसरची आयकॅट, ट्रॅक्टरसाठी मध्य प्रदेशातली बुदनीची संस्था, ही अशी ठिकाणं. तिथून मिळणारी मान्यता मॉडेलला असते आणि ती उत्पादक किंवा आयातदार घेतो. मंजूर मॉडेलांची माहिती नोंदणीच्या 'वाहन' या सरकारी संगणक प्रणालीत भरलेली असते. मॉडेल तिथे नसेल तर आरटीओतल्या माणसाच्या मनात कितीही आलं तरी अर्ज पुढे सरकत नाही. एजंट "बघतो, करून देतो" म्हणाला तर तो नेमकं काय करून देणार आहे, हे पैसे देण्याआधी विचारा.

आयात केलेल्या गाडीचे मालक बिल ऑफ एंट्री घेऊन येतात. त्या कागदाने सीमाशुल्क भरल्याचं सिद्ध होतं. रस्त्याशी त्याचा संबंध नाही.

दिवे-इंडिकेटर बसवून काम का भागत नाही, हे गाडीजवळ उकिडवं बसून पाहिलं तर लगेच कळतं. टायरच्या बाजूची उठावदार अक्षरं वाचा. बहुतेक क्वाडच्या टायरवर "नॉट फॉर हायवे सर्व्हिस" अशा अर्थाचे इंग्रजी शब्द किंवा त्यांचं लघुरूप असतं. हवेचा दाब बघा, साधारण पाच पीएसआयच्या आसपास. तुमच्या मोटारीत तीस-बत्तीस भरतात. चिखलात, ढेकळांत हे मऊ टायर जमीन धरतात, डांबरावर मात्र गाडी तरंगल्यासारखी वागते. मागची दोन्ही चाकं बऱ्याच क्वाडमध्ये एकाच अखंड आसावर घट्ट बसवलेली असतात, डिफरन्शियल (वळताना दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) नसतो. मातीत चाक थोडं घसरतं आणि वळण निघून जातं. डांबरावर ते घसरत नाही. हँडल वळवलं तरी गाडी सरळ जायला बघते, आणि वेगात जोर करून वळवली तर बाहेरच्या बाजूला उलटते. आता टाकीजवळचा पिवळा-नारिंगी स्टिकर पाहा. डांबरी रस्त्यावर आणि सार्वजनिक रस्त्यावर चालवू नये, सोळा वर्षांखालच्यांनी चालवू नये, मागे माणूस बसवू नये, हे उत्पादकानेच छापलेलं असतं. अपघाताच्या दाव्यात समोरच्या वकिलाला हलगर्जीपणा सिद्ध करायला याहून सोपा पुरावा कुठे मिळणार?

आता रस्त्यावर चालणारी क्वाड. भारतात तिचा जो मार्ग निघाला तो ट्रॅक्टरच्या वर्गातून. केंद्रीय नियमांत कृषी ट्रॅक्टर म्हणजे शेतीची अवजारं जोडून काम करण्यासाठी किंवा शेतमालाचा ट्रेलर ओढण्यासाठी बनवलेलं चारचाकी वाहन. इंजिन पुढे, मागे मोठी चाकं, मधे उंच सीट असंच रूप हवं अशी अट नाही. ही फट ओळखून पोलारिस कंपनीने २०२० च्या अखेरीस स्पोर्ट्समन ५७० या क्वाडची ट्रॅक्टर म्हणून मान्यता घेतलेली आवृत्ती भारतात आणली, एक्स-शोरूम आठ लाखांच्या घरात. तिला आरसी मिळते, नंबर मिळतो, विमा मिळतो. युरोपातही कित्येक क्वाड अशाच ट्रॅक्टरच्या वर्गातून रस्त्यावर आल्या आहेत.

तुम्हाला खरोखर शेतासाठी आणि रस्त्यासाठी क्वाड हवी असेल, तर शोध याच वर्गात घ्या. पण त्याची बंधनंही समजून घ्या. आरसीवर वाहनाचा वर्ग कृषी ट्रॅक्टर असा असतो आणि बसण्याची क्षमता एक. बायकोला मागे बसवून आठवडी बाजारात गेलात आणि काही झालं, तर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच काढेल की ट्रॅक्टरवर दुसरा माणूस कसा? ट्रॅक्टरच्या चिखलपाट्यावर बसून गेलेल्या मजुरांच्या दाव्यांत हा वाद आम्ही नेहमी पाहतो, आणि त्यात मजुराच्या घरच्यांचे हाल होतात.

दुसरा एक वर्ग लोक पुढे करतात, क्वाड्रिसायकलचा. बजाजची क्यूट त्यात येते, आणि नोव्हेंबर २०१८ पासून हा वर्ग खासगी वापरासाठीही खुला झाला. पण क्यूटला छप्पर, दारं, स्टिअरिंग व्हील आहे आणि तिच्या उत्पादकाने तिची स्वतंत्र मान्यता घेतलेली आहे. नाव जुळतं म्हणून तुमच्या हँडलवाल्या गाडीला ती मान्यता लागू होत नाही.

लायसन्सचं म्हणाल, तर तुमचं मोटारसायकलचं लायसन्स इथे चालत नाही, गाडीला हँडल, बाइकसारखी सीट आणि अंगठ्याचा थ्रॉटल असला तरी. कायद्यात मोटारसायकल म्हणजे दुचाकी, फार तर साइडकार जोडलेली. चार चाकांची नोंदणीकृत गाडी चालवायला हलक्या मोटार वाहनाचं, म्हणजे एलएमव्ही लायसन्स हवं. त्या व्याख्येत ७५०० किलोपर्यंत रिकाम्या वजनाचा ट्रॅक्टरही येतो, त्यामुळे ट्रॅक्टर वर्गातल्या क्वाडला ते पुरतं.

हेल्मेटच्या बाबतीत कायद्यात एक गंमत आहे. कलम १२९ ची सक्ती मोटारसायकलवर बसणाऱ्याला आहे आणि क्वाड मोटारसायकल नाही. सीट बेल्ट बसवायला तर जागाच नाही. म्हणजे शब्दशः वाचलं तर उघड्यावर बसून चार चाकं हाकणाऱ्याला यातलं काहीच सक्तीचं नाही. ही पळवाट कुणीही वापरू नये. क्वाड उलटली की ती दोन-तीनशे किलोंच्या वजनानिशी अंगावर येते.

मुलाचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. कलम ४ प्रमाणे अठरा पूर्ण झाल्याशिवाय सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. सोळाव्या वर्षीची सवलत ५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलपुरती आहे. २०१९ च्या दुरुस्तीने आलेलं कलम १९९अ त्याहून कडक आहे. अल्पवयीन मुलाने गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि मुलाला वयाच्या पंचविसाव्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. "मला न विचारता चावी घेतली" असा बचाव करता येतो, पण तो सिद्ध तुम्हाला करावा लागतो. पोराने महिनाभर रील टाकलेल्या असतील तर काय सिद्ध करणार?

दंडाचे आकडे एका दमात सांगतो. नोंदणीशिवाय चालवलं तर पहिल्या वेळी २,००० ते ५,००० रुपये, पुढच्या वेळी १०,००० पर्यंत किंवा एक वर्षापर्यंत कैद. विना लायसन्स ५,०००. तसा माणूस चालवतोय हे माहीत असून गाडी दिली म्हणून मालकाला वेगळे ५,०००. विमा नसेल तर २,००० आणि दुसऱ्यांदा ४,०००, शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद. कलम २०७ खाली गाडी जमा होऊ शकते. जमा झालेली एरवीची गाडी कागद दाखवून सोडवता येते. इथे दाखवायला कागदच नसतो, त्यामुळे ती ठाण्याच्या आवारात पावसात उभी राहते.

तरीही दंडाने मला काळजी वाटत नाही. पाच-दहा हजारांत माणूस मोडत नाही. मोडतो तो विम्याच्या जागी. कलम १४६ प्रमाणे सार्वजनिक ठिकाणी थर्ड पार्टी विम्याशिवाय वाहन वापरता येत नाही, आणि नोंदणी होऊच शकत नाही अशा गाडीला तो विमा रीतसर मिळत नाही. आता कल्पना करा. संध्याकाळी शेतातून परतताना वळणावर क्वाड सरळ गेली आणि समोरून येणाऱ्या सायकलवाल्याला लागली. तो गेला. वय ३५, स्वतःचा छोटा धंदा, महिन्याला २०,००० ची कमाई, मागे बायको, दोन मुलं, आई. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण भरपाई कशी काढतं ते पाहा. वर्षाचे २,४०,०००. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) चाळिशीच्या आतल्या स्वतंत्र व्यावसायिकाला भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवले की ३,३६,०००. चार जण अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, उरले २,५२,०००. सरला वर्मा निकालातल्या (२००९) तक्त्याप्रमाणे ३५ व्या वर्षाला गुणक १६. झाले ४०,३२,०००. त्यावर अंत्यविधी, वारसा आणि सहवासाच्या हानीच्या रकमा, आणि अर्ज केल्यापासूनचं व्याज.

विमा असता तर ही रक्कम कंपनीने भरली असती. नसेल तर चालक आणि मालक. आणि "माझ्याकडे नाहीत" म्हणून सुटका नाही. कलम १७४ खाली न्यायाधिकरण वसुलीचा दाखला जिल्हाधिकाऱ्याकडे पाठवतं आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते. ज्या सहा एकरांत फिरायला गाडी घेतली, त्याच सहा एकरांवर जप्ती येऊ शकते. शिवाय फौजदारी बाजू वेगळी. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली हलगर्जीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि कलम २८१ खाली सार्वजनिक रस्त्यावर बेदरकारपणे गाडी हाकणं हा अपघात न होताही गुन्हा आहे.

काही विक्रेते एखादी पॉलिसी हातात ठेवतात. ती उघडून वाचा. बहुतेकदा ती चालकाच्या वैयक्तिक अपघाताची असते, किंवा राइड चालवणाऱ्या व्यावसायिकाची जागेपुरती जबाबदारी घेणारी. मोटार वाहन कायद्याला अभिप्रेत असलेला विमा तो नव्हे. पॉलिसीवर नोंदणी क्रमांकाच्या रकान्यात काय लिहिलंय हे पाहिलं की निम्मं कळतं.

बाजारात चालणारे बाकीचे उपाय थोडक्यात. "ट्रायल" किंवा "ऑन टेस्ट" लिहिलेली पाटी लावायची. व्यापार प्रमाणपत्र डीलरला त्याच्या ताब्यातल्या गाड्यांसाठी, ठरावीक कारणांपुरतं मिळतं. विकलेल्या गाडीला ते लागत नाही. "शेती उपयोगी" असं रंगवून घ्यायचं. त्याला काडीचाही अर्थ नाही. परराज्यातून नंबर आणून देतो, असंही सांगणारे भेटतात. असा नंबर दाखवला की परिवहनच्या अॅपवर टाका आणि वाहनाचा वर्ग, उत्पादक, मॉडेल वाचा. नंबर कधी एखाद्या स्कूटरचा निघतो. तिथपासून प्रकरण मोटार वाहन कायद्यातून उठून बनावट कागदपत्रांच्या कलमांत जातं, आणि तिथे दंड भरून मोकळं होता येत नाही.

मग समुद्रकिनाऱ्यांवर, थंड हवेच्या ठिकाणी एवढ्या क्वाड फिरतात त्या कशा? कुंपण घातलेल्या खासगी जागेतल्या ट्रॅकची गोष्ट वेगळी आहे. बंदिस्त आवाराचा अपवाद तिथे निदान मांडता तरी येतो. पुळण मात्र खासगी नाही. कलम २(३४) प्रमाणे लोकांना जाण्याचा हक्क असलेली कोणतीही जागा सार्वजनिक ठिकाण आहे, मग ती रहदारीची वाट असो वा नसो. किनाऱ्यावर चालतात म्हणजे कायदेशीर आहेत, असा निष्कर्ष काढू नका. महाराष्ट्राच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणात व्यावसायिकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे, पण ती नोंदणी म्हणजे गाडीचं पासिंग नव्हे. पर्यटकाकडून "स्वतःच्या जबाबदारीवर" असं लिहून घेतलेल्या कागदाने वाळूत खेळणाऱ्या तिसऱ्याच मुलाचा हक्क बुडत नाही. त्याने कुठे सही केली होती?

परदेशाचंही कुणीतरी काढतंच. ग्रीसच्या बेटांवर पर्यटक नंबर प्लेटवाल्या क्वाड भाड्याने घेऊन फिरतात, खरं आहे. त्या गाड्यांना युरोपियन मान्यता असते, तिकडे क्वाडसाठी स्वतंत्र वर्गच आहे. ब्रिटनमध्ये रस्त्यावरच्या क्वाडला नोंदणी, कर, विमा लागतो, तीन वर्षांनंतर एमओटी, म्हणजे गाडी रस्त्यावर चालण्याजोगी आहे का याची तपासणी लागते आणि कारचं लायसन्स चालतं. तीच कंपनी, तेच नाव, पण तिकडच्या मान्यतेचा इकडे उपयोग नाही.

आता तुम्ही काय करावं. रक्कम देण्याआधी विक्रेत्याकडे फॉर्म २२ चा नमुना आणि मॉडेलच्या मान्यता प्रमाणपत्राची प्रत मागा. सोबत एक साधी मागणी करा: "या मॉडेलची महाराष्ट्रात पासिंग झालेली एक आरसी दाखवा." खरंच होत असेल तर तो पाच मिनिटांत दाखवेल. "पुढच्या महिन्यापासून होणार आहे" म्हणाला, तर पुढच्या महिन्यात या असं तो स्वतःच सांगतोय. कोटेशनच्या आणि बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत "केवळ ऑफ-रोड वापरासाठी" असं आहे का तेही बघा. तोंडी एक आणि बिलावर दुसरं, हा जुना खेळ आहे. तोंडी दिलेला शब्द व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. नाही लिहिला तर उत्तर मिळालं. लिहिला आणि खोटा निघाला, तर ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि तो संदेशच तुमचा पुरावा असतो. कलम १८२अ खाली नियमात न बसणारं वाहन विकणाऱ्या उत्पादक, आयातदार, डीलरला प्रत्येक वाहनामागे एक लाखाचा दंड किंवा वर्षभरापर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. हे कलम नावानिशी उच्चारलं की पुष्कळ विक्रेत्यांची भाषा बदलते.

मान्यता नसलेलीच गाडी घ्यायची ठरली, तर ती शेतातच ठेवा, किंवा घरून नेताना पिकअपवर चढवून, पट्ट्यांनी चारही बाजूंनी घट्ट बांधून न्या. इंजिन बंद ठेवून ढकलत नेणं दीड किलोमीटर कुणी करत नाही, हे मलाही कळतं. आणि रस्ता नुसता ओलांडायचा असला तरी त्या पाच सेकंदांना वेगळी सूट नाही.

शेतातही सगळं मोकळं नाही. कलम ३९ मधले "अन्य कोणत्याही ठिकाणी" हे शब्द आठवा. पक्कं कुंपण असलेलं शेत बंदिस्त आवार म्हणून मांडता येईल, तेही गाडी फक्त अशा आवारासाठीच बनलेली आहे हे दाखवता आलं तर. बांधाला बांध लागून असलेलं उघडं रान तसं म्हणवणार नाही. गावात यासाठी कुणी चलान फाडायला येत नाही, पण अपघात झाला की हा मुद्दा निघतो. मुलाला शेतात चालवू द्यायचीच असेल तर गाडी त्याच्या वयाची घ्या, मोठ्यांची २०० सीसी नको. हेल्मेट, बूट घाला, मागे कुणी बसवू नका, आणि उतारावरच्या बांधावर तर अजिबात नको.

शेवटचं, आणि हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. तुमच्या सहा एकरांतून पाणंद, शिवरस्ता किंवा वहिवाटीची वाट जाते का ते पाहा. सातबारा तुमच्या नावावर असला तरी लोकांना ज्या वाटेने जायचा हक्क आहे ती कायद्याच्या नजरेत सार्वजनिक जागाच ठरते, आणि वर सांगितलेलं सगळं तिथेही लागू होतं. तलाठ्याकडून किंवा भूमी अभिलेख कार्यालयातून गाव नकाशा काढा. गाडीमार्ग त्यावर दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखवलेला असतो. तुमच्या गटातून अशी रेषा जात असेल, तर विक्रेत्याकडे दुसऱ्यांदा जाण्याआधी तो नकाशा घेऊन एखाद्या स्थानिक वकिलाला भेटा.